शेवटी चढणारी

ठाणे स्टेशनात उभ्या असलेल्या दिपालीला कोणीतरी नावानं हाक मारल्यासारखं झालं आणि तिनं दचकून वर पाहिलं. वर पत्रा होता, पत्र्याखाली लोखंडी तुळईवर दोन कबुतरं होती आणि कबुतरांच्या शेजारी लाउडस्पीकर होता. हाक त्यातूनच आली होती. उद्यापासून कसारा मार्गावरील सर्व लोकल गाड्या पळसखिंड स्थानकावर थांबतील, प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. मुलुंड, भांडुप, घाटकोपर ज्या आवाजात म्हणते त्याच आवाजात, कुठेही न अडखळता, ती बाई पळसखिंड म्हणाली. दिपालीच्या घशाशी ‘हजर’ हा शब्द येऊन थांबला. एवढी बत्तीस वर्षांची बाई, नौपाड्यातल्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर तपासणारी, आणि पहिलीतल्या पोरीसारखा तिचा उजवा हात अर्धा वर गेला होता. शेजारची बाई जरा सरकून उभी राहिली. दिपालीनं हात तसाच केसांकडे नेला आणि जागेवरच असलेली पिन पुन्हा नीट केली.

हसू यायला हवं होतं आणि ते आलंही. दुकानात कोणी विचारलं, कुठून येतेस, तर ती सांगायची, कसाऱ्याच्या अलीकडे. फारच खोदून विचारलं तर, खर्डीच्या पलीकडे. आपलं गाव म्हणजे दुसऱ्या दोन नावांच्या मधली जागा, हे तिनं इतक्या वर्षांत असं काही पचवून टाकलं होतं, की आता ते नाव मोकळ्या हवेत, भेळवाल्याच्या आणि पेपरवाल्याच्या डोक्यावरून गेलेलं ऐकून तिला घरातली एखादी आतली गोष्ट चव्हाट्यावर आल्यासारखं वाटलं. बरं वाटलं आणि लाजही वाटली. बाईनं तेच हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत सांगितलं. तिन्ही वेळा दिपालीच्या डोळ्यांपुढे गाव आलंच नाही, आई आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गुडघा लांब करून बसलेली, भाजीच्या जुड्या बांधणारी, कोणाकडे न बघणारी आई. आता तरी ही गाडीत बसेल का, एवढा एकच प्रश्न दिपालीला होता, आणि तो काही आजचा नव्हता.

गाडी आली, तिला खिडकी मिळाली, कल्याण गेलं, आसनगाव गेलं, डबा रिकामा होत गेला आणि तिचा विचार त्या प्रश्नाभोवती फिरत राहिला. पळसखिंड हे नाव गावात कोणी घेतच नसे. सगळे म्हणायचे केबिन. केबिनवर चढायचं, केबिनवर उतरायचं. आजोबांच्या काळी रुळांशेजारी एक दगडी केबिन होती, तिच्यात सिग्नलचे दांडे ओढणारा एक माणूस होता आणि पुढे कसाऱ्यात जागा रिकामी होईपर्यंत गाड्या तिथे खोळंबत. गाडी दारात येऊन उभी राहते म्हटल्यावर माणूस किती दिवस नुसता बघत बसणार? कोणीतरी चढलं. पहिल्यांदा कोण चढलं यावर गावात अजून एकमत नाही, प्रत्येक घर आपापल्या आजोबाचं नाव पुढे करतं. मग वाड्या-पाड्यांवरची माणसं चढायला लागली, करवंदं चढली, मोहाच्या पाटीशेजारी कोंबडी चढली, कॉलेजची पोरं चढली, बाळंतीण उतरली. केबिनमधला माणूस गेला, केबिनचं छप्पर गेलं, पण गाड्यांनाच तिथे थांबायची सवय लागली होती. सिग्नल हिरवा असला तरी मोटरमन गाडी थोडा वेळ उभी करायचा. रेल्वेच्या लेखी ती जागा नव्हतीच. फलाट नाही, दिवा नाही, तिकिटाची खिडकी नाही. मग गावानं प्रामाणिकपणाचा असा मार्ग काढला होता, की तिकीट पुढच्या कसाऱ्याचं काढायचं आणि उतरायचं अलीकडेच. न केलेल्या प्रवासाचे पैसे भरून रेल्वेची फसवणूक टाळणारी माणसं ती.

दिपालीच्या आईचं, रखमीचं, माहेर मुरबाडकडचं. तिकडे रेल्वेच नाही. लग्न होऊन आली तोवर तिनं गाडीत पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं, कल्याणला जायचं ते एसटीनं नाहीतर जीपमध्ये कोंबून. तिचा भाऊ, धाऊमामा, दर दिवाळीला यायचा आणि ओसरीवर बसून चिडवायचा. ‘‘तुमच्याकडं गाडी हाय पन टेसन नाय,’’ म्हणायचा. ‘‘आमच्याकडं टेसन नाय नि गाडी पन नाय. आमी सरळ मानसं.’’ रखमी त्याला चहा द्यायची आणि म्हणायची, ‘‘सरळ मानसा, परत जाताना मंग चालत जा.’’ आणि संध्याकाळी त्याला स्वतः केबिनवर नेऊन, ढकलून गाडीत चढवायची. हे ढकलणं म्हणजे आईचं काम होतं. कोणी तिला दिलेलं नव्हतं. पण गावाला विचारलं असतं, या थांब्यावर रेल्वेचं कोण असतं, तर गावानं रखमीकडे बोट दाखवलं असतं.

कारण तिथे चढणं सोपं नव्हतं. खडीवर उभं राहिलं की गाडीचं दार छातीच्या वर यायचं. म्हणून बायकांनी आपला एक क्रम लावून घेतला होता आणि तो कधी चुकत नसे. आधी तरण्या पोरी दांडा धरून वर जायच्या. मग त्या दारात उकिडव्या बसून पाट्या ओढून घ्यायच्या, बोचकी ओढायच्या, मग पोटुशी, मग म्हाताऱ्या. वर हात द्यायला पोरी आणि खाली रखमी. ती एकेकीच्या कमरेखाली तळवा लावायची आणि असा रेटा द्यायची, की बाई आत जाऊन पडायची ती थेट समोरच्या बाकापर्यंत. नव्या नवऱ्या चढवल्या तिनं, शाळेतल्या बाई चढवल्या, एकदा एक शिकलेली नर्स ‘हात लावू नका’ म्हणत होती, तिलाही चढवलं. सगळ्या वर गेल्या की रखमी एकटी खाली उरायची. मग ती गाडीच्या शेपटाकडे वळून गार्डाला हात दाखवायची. याचा अर्थ, सगळ्या आत आहेत, मी तेवढी राहिलेय, मी चढले की सोड. आणि कोणाचाही हात न धरता, दांड्याला एक हिसका देऊन ती वर यायची. गार्ड तोवर घंटी देत नसे. गार्ड बदलायचे, पण जाणारा येणाऱ्याला बहुतेक सांगून जात असावा, कारण नवा गार्डसुद्धा दुसऱ्या दिवसापासून थांबायचा. कॉलेजात जाणाऱ्या दिपालीला त्या वेळी याची फार लाज वाटायची. आपली आई अख्खी गाडी हातावर उभी करते याचा अभिमान वाटायला तिला नोकरी लागावी लागली.

आणि मग तो दिवस. तीन वर्षं होऊन गेली त्याला. सगळ्या चढल्या, रखमीनं हात दाखवला, दांडा धरला, आणि पाय वर आलाच नाही. तिनं पुन्हा जोर केला. गुडघ्यात काहीतरी कटकन् झालं आणि ती दांड्याला लोंबकळली. दारात ठेवलेली तिची पाटी धक्क्यानं खडीवर पालथी झाली, शिराळी रुळाखाली गेली. वरून चौघींनी तिला दंडांना धरून ओढलं, त्यात ब्लाउज खांद्यावर उसवला, तरी ती येईना. शेवटी मागून गार्ड धावत आला आणि त्यानं तिला खालून उचलून भाताच्या गोणीसारखं आत ढकललं. प्रत्येक दारातून माणसं वाकून बघत होती. त्या चौघींतली एक दिपाली होती. आई कल्याणपर्यंत बोलली नाही, उरलेली भाजी विकली, घरी आली, पाटी खुंटीला लावली आणि म्हणाली, ‘‘गुडगा गेला.’’

घरात सगळ्यांनी गुडघाच धरून ठेवला. दिपालीनं ठाण्याहून पट्टा आणला, तेल आणलं, शहापूरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं गुडघा वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला आणि वजन कमी करायला सांगितलं. रखमी गाडीत बसली नाही ती नाहीच. परसात पिकलेली भाजी ती वरच्या वाडीतल्या गोजरजवळ द्यायची. गोजर तिची जुनी सोबतीण, कल्याणच्या बाजारात दोघींची बसायची जागा शेजारी शेजारी. संध्याकाळी गोजर हिशेब द्यायला आणि बाजारातल्या गमतीजमती सांगायला आली, की रखमीला नेमकं गोठ्यात काम निघायचं. फलाटाचं बांधकाम सुरू झालं तेव्हा सगळं गाव रोज संध्याकाळी ते तपासायला जायचं. दिपालीचा बाप नथू भातसानगरला धरणाच्या कॉलनीत माळी होता. तो सायकल तिकडूनच वळवायचा आणि घरी येऊन बातमी द्यायचा. आज नळ बसवला. आज बाकडी आली, टेकायला पाठ आहे. आज मुतारी झाली, तिला कुलूप पण झालं. रखमी भाकरी थापता थापता म्हणायची, ‘‘बरा झाला,’’ आणि पुढची भाकरी घ्यायची.

त्या संध्याकाळी गाडी शेवटचीच केबिनपाशी थांबली. पुढे बांबू बांधून ठेवलेला नवा फलाट कोरा करकरीत दिसत होता, पाटीवर पिवळ्यावर काळ्या अक्षरांत नाव होतं. दिपालीनं दारातून खडीवर उडी मारली. उडी मारल्यावर तिच्या लक्षात आलं, की ही आपली इथली शेवटची उडी, आणि कारण नसताना तिनं चपलेखालची खडी जरा दाबून पाहिली. घरी आई उंबऱ्यावर जुड्या बांधत होती. बाप ओसरीवर पाय धूत होता.

‘‘आज ठान्याला आपला नाव घेतला,’’ दिपाली म्हणाली. ‘‘माइकवर. तीनदा.’’

‘‘कोनाचा, तुजा?’’ बापानं विचारलं.

‘‘गावाचा.’’ मग ती आईकडे वळली. ‘‘उद्या चल माझ्याबरोबर. आता चढायचा नाय काय. ओसरीवरून घरात जावा तसा आत जायचा.’’

‘‘गुडगा,’’ रखमी म्हणाली.

‘‘तिचा गुडगा डोंगर चढताना बरा असतो,’’ नथू पाय पुसत म्हणाला. ‘‘सकाळी फाट्यांचा भारा घेऊन खिंडीतून उतरली. मी मागं पडलू.’’

रखमीनं नवऱ्याकडे असं बघितलं, की तो टॉवेल घेऊन आत गेला. दिपालीनं बॅगेतून आणलेली बिस्किटं बशीत काढली, चहा गाळला आणि कप आईपुढे धरला. ‘‘ठेव तितं,’’ आई म्हणाली. दिपालीनं कप जमिनीवर ठेवला आणि तशीच बसून राहिली.

‘‘येनार हायस का नाय, ते सांग.’’

‘‘मी कशाला येव?’’ रखमी जुडीला गाठ मारत म्हणाली. ‘‘तितं आता माजा काय काम? समद्या आपापल्या आत जातील.’’

‘‘मंग तू बी आपापली जा.’’

आईनं जमिनीवरचा कप उचलला आणि फुंकर घालून प्यायला लागली. दिपाली कपाकडे बघत होती. ठेव तिथं. हे दोन शब्द ती किती दिवस ऐकत होती? चहा ठेव तिथं, ताट ठेव तिथं, पैसे ठेव तिथं. आईच्या हातात हल्ली कोणी काही दिलेलं चालतच नव्हतं. घरात सगळे म्हणायचे, म्हातारपणाचं खूळ. दुकानात ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एक भिंग धरायची, ते काढून दुसरं धरायची आणि विचारायची, आता बरं दिसतंय की आधी? तसं कोणीतरी तिच्या डोळ्यांपुढचं भिंग बदललं. तो दिवस तिला पुन्हा दिसला आणि या वेळी तिनं आईचा गुडघा पाहिला नाही, तोंड पाहिलं. आईच्या तोंडावर दुखणं नव्हतं. चौघींचे चार हात तिच्या दंडांवर होते आणि ती त्या हातांकडे बघत होती. जन्मभर जिचा तळवा दुसऱ्यांच्या पाठीला लागला, तिच्या अंगाला त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्यांचे हात लागले होते, आणि त्यातला एक आपला होता. आपण किती जोरात ओढलं होतं तेही तिला आठवलं. तीन वर्षं आपण गुडघ्यासाठी तेल आणत राहिलो आणि गुडघ्याला काही झालेलंच नव्हतं. दिपालीला रडू यायला हवं होतं, पण तिला आईचा रागच आला, असा प्रेमाचा, भरभरून राग. एवढंसं सांगायला काय झालं होतं? पण सांगणार तरी काय, आणि कोणत्या शब्दांत? असं काही कोणी उंबऱ्यावर बसून सांगतं का? ती उठली आणि आईनं बांधलेल्या जुड्या पाटीत रचायला लागली. दोघी मग बराच वेळ भेंडीच्या भावाबद्दल बोलत बसल्या.

सकाळी केबिनचं स्टेशन झालं. बांबू काढले, केळीचे खुंट लावले, झेंडूच्या माळा पाटीवरून सोडल्या. पंचायतीची माणसं, शाळेची पोरं, दोन ढोल, पेढ्यांचा खोका आणि हार गळ्यात घालून घ्यायला तयार असलेले एक पुढारी, असा सगळा सरंजाम होता. खिडकीत खरोखरचा माणूस बसून खरोखरची तिकिटं देत होता आणि ज्यांना कुठेही जायचं नव्हतं असे दोनचार जण आसनगावचं तिकीट काढून ते एकमेकांना दाखवत होते. नळाचं पाणी प्यायला रांग होती, घरी पाणी नसल्यासारखी. दिपाली पास पर्समध्ये घालून बायकांत उभी राहिली आणि मान उंचावून शोधत राहिली. सगळं गाव आलं होतं, म्हणून रखमीही आली होती. पण ती फलाटावर नव्हती. लांब, जुन्या केबिनच्या भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून, घरातलंच विटकं लुगडं नेसून उभी होती. चुलीवर भात ठेवून आलेली बाई उभी राहते तशी, अर्धी घराकडे तोंड करून.

गाडी आली. ढोल वाजले. बायकांचा डबा बरोबर त्यांच्यासमोर येऊन थांबला आणि दार आणि फलाट एका पातळीवर आले. मग एक अशी गोष्ट झाली, की ती पळसखिंडीतच होऊ शकते. कोणीच आत गेलं नाही. तरण्या पोरी नेहमीप्रमाणे पुढे झाल्या, हातानं दांडा शोधला, पाय छातीपर्यंत उचलला आणि तो हवेतून धपकन् डब्यात पडला. दोघीजणी आत जाऊन उकिडव्या बसल्या आणि त्यांनी सवयीनं हात खाली केला. खाली कोणी नव्हतंच. गोजर डोक्यावर पाटी घेऊन समोर उभी होती, तिचं तोंड पोरींच्या तोंडाच्या वरच येत होतं. पोरींनी तिची पाटी ओढली, मग तिला ओढलं, तर ती आत जाण्याऐवजी त्यांच्या अंगावरच कोसळली आणि तिघी दारातच आडव्या झाल्या. मागच्या बायका आपली पाळी येईस्तोवर शहाण्यासारख्या थांबल्या. म्हाताऱ्या पोटुशीला म्हणत होत्या, आधी तू. पोटुशी म्हणत होती, पाट्या जाऊ द्या. उघड्या दारासमोर वीस बायका क्रम धरून उभ्या, आत तीन बायका हसून हसून पालथ्या, आणि पुढारी हार गळ्यात घालून गाडी हलायची वाट बघताहेत. दिपालीसुद्धा उभीच होती. तिला कळत होतं की सरळ आत चालत जायचं आहे, पण पाय म्हणत होता, मागून रेटा आला नाही अजून.

रेटा आला. असले घोळ उघड्या डोळ्यांनी बघत राहणं रखमीच्या रक्तात नव्हतं. ती केबिनपासून धावत आली, त्याच गुडघ्यानं, आणि अनवाणी.

‘‘बगताव काय गो?’’ ती म्हणाली. ‘‘गाडी काय तुमच्या बापाची हाय? शिरा आत.’’

आणि तिनं पहिलीच्या पाठीला तळवा लावला. ती आत गेली. मग दुसरी, मग पोटुशी, तिला जरा हलक्यानं, मग म्हाताऱ्या दोन दोन. ढकलायची गरज नव्हती. पण तळवा लागला की त्या सुटल्यासारख्या आत जात होत्या, आणि हसत होत्या, आणि एकदोघी नुसत्या तेवढ्यासाठी मुद्दाम मागे राहिल्या होत्या. दिपालीच्या कमरेवर तो तळवा पडला तेव्हा तिला तो तीन वर्षांनी ओळखीचा वाटला. कोरडा, रुंद आणि अजिबात दयामाया नसलेला.

सगळ्या आत गेल्या. रखमी एकटी फलाटावर उरली. ती शेपटाकडे वळली आणि तिनं गार्डाला हात दाखवला. आपण काय केलं हे तिला बहुतेक कळलंच नसावं. हात केला आणि गाडी जायची वाट बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गार्ड आपल्या दारात उभा होता. केस पिकलेला, या लायनीवर जुना झालेला माणूस. हात दाखवणारी बाई आत चढली की घंटी द्यायची, हे त्याला ठाऊक होतं. बाई चढेना. म्हणून तो थांबला. ती गाडीसाठी थांबली होती आणि गाडी तिच्यासाठी. ढोलवाल्यांनी एक आवर्तन संपवून दुसरं सुरू केलं.

‘‘रखमे,’’ गोजर आतून म्हणाली, ‘‘त्यो तुज्यासाठी थांबलाय गो.’’

रखमीनं गार्डाकडे पाहिलं. गार्डानं मान हलवली. दारात चार हात एकदम बाहेर आले, पोरींचे, गोजरचे. आणि तेव्हा दिपाली त्यांच्या पुढे झाली, तिनं ते चारही हात धरून खाली दाबले आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधले. ‘‘कोनी हात देव नका,’’ ती म्हणाली. आई तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता, नवल होतं, आणि खाली कुठेतरी, पकडलं गेल्याचं हसू होतं. दिपालीनं हात मागेच ठेवले. नखं तळव्यात रुतत होती. मग रखमीनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि ती आत होती.

घंटी वाजली. गाडी हलली. पुढाऱ्यांनी एकदाचा हात हलवला.

‘‘येवडाच?’’ रखमी म्हणाली. तिनं वळून दाराकडे पाहिलं, जणू तिची काहीतरी फसवणूक झाली होती. ‘‘येवड्यासाठी ढोल?’’ डबाभर बायका हसल्या आणि तिला खिडकी दिली. गोजरनं तिच्या हातात एक काकडी ठेवली. रखमीनं ती घेतली, हातातच, आणि कडकन् मोडून अर्धी गोजरला परत दिली. दिपालीनं हे पाहिलं आणि बाहेर बघायला लागली, कारण आता मात्र तिला रडू आलं होतं. बाहेर भात पिवळं पडत होतं. खर्डी आलं तरी आई उठली नाही. चुलीवर भात आहे, ती म्हणाली, तुझा बाप उतरवेल, त्याला वास कळतो. आटगाव आलं. आईजवळ तिकीट नाही, पायात चप्पल नाही, कनवटीला पैसा नाही, हे दिपालीला एकामागून एक आठवत गेलं आणि प्रत्येक स्टेशनावर ती तिकीट तपासनिसाचा काळा कोट शोधत राहिली. रखमी मात्र कोणाच्या मुलीचं जमलं, बाजारात आपल्या जागेवर कोण येऊन बसतं आणि त्या बयेला कसं उठवायचं, यात पार बुडून गेली होती. तीन वर्षांचं बोलणं तिनं कल्याणपर्यंत संपवत आणलं.

कल्याणला दिपालीही उतरली. दुकानात फोन करून तिनं उशीर होईल म्हणून कळवलं. काय झालं, मालकांनी विचारलं. आई आलीय, ती म्हणाली, आणि तेवढंच पुरेसं वाटून तिनं फोन ठेवला. गोजर पाटी घेऊन बाजाराकडे गेली. आईला परतीचं तिकीट काढून द्यायचं म्हणून दिपालीनं पर्स उघडली, तर आईनं नोट घेतली तिच्या हातातून आणि ती स्वतःच रांगेत जाऊन उभी राहिली. रांग हलली. दिपाली शेजारून चालत राहिली, नोकरीवरच्या गार्डासारखी.

‘‘कुठलं?’’ खिडकीतल्या माणसानं विचारलं.

रखमी काचेच्या भोकाशी वाकली. इतक्या वर्षांत या खिडकीवर तिनं कसारा सोडून दुसरं नाव घेतलं नव्हतं. ‘‘पळसखिंड,’’ ती म्हणाली, आणि तो नाही म्हणतो की काय, अशी त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं बोटं चालवली, जरा शोधलं, सापडलं.

‘‘सिंगल की रिटर्न?’’

रखमीनं वळून लेकीकडे पाहिलं नाही. हातातली नोट तिनं एकदा घडी केली आणि पुन्हा उलगडली. मग ती म्हणाली, ‘‘पास द्या. मैन्याचा.’’

‘‘फोटो लागेल, आजी. ओळखपत्राला.’’

मागचे लोक चुळबुळायला लागले. रखमी रांगेतून बाजूला झाली, विटका पदर तिनं खांद्यावर सारखा केला, दोन्ही हातांनी केस चापून बसवले. मग खाली मान घालून बराच वेळ आपल्या अनवाणी, धुळीनं माखलेल्या पावलांकडे बघत राहिली.

‘‘दिपे,’’ ती म्हणाली, ‘‘फोटुत पाय दिसतात काय?’’

‘‘नाय गो. नुसता तोंड.’’

‘‘मंग चल,’’ आई म्हणाली.